नडगीवरच्या टिचक्या

गॅरेज दोघा भावांचं. थोरल्याला सगळी गल्ली दादा म्हणायची, अगदी त्याच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. धाकट्याला म्हणायचे मिस्त्री. मिस्त्री आणि त्याची बायको गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. दादाने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही, आणि आता विचारून काही उपयोगही नव्हता. तो गॅरेजच्या वरच्या माळ्यावर झोपायचा. मध्यंतरी अंथरूण घेऊन खाली आला. म्हणाला, वर फार उकडतं. थंडीचे दिवस होते.

खरी गोष्ट अशी, की दादाच्या डाव्या पायाने दगा दिला होता. डॉक्टर म्हणाला, मणक्यात नस दबली आहे, फार उशिरा आलात, आता आहे तेवढं सांभाळा. गुडघ्याखालचा पाय आपला की परका, हेच दादाला कळेनासं झालं. चप्पल निसटून मागे राहायची आणि हा पठ्ठ्या चार पावलं पुढे. मग चपला गेल्या, बूट आले. जिना सुटला. घरात मात्र आपण ताकास तूर लागू दिली नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. भाबडा माणूस, दुसरं काय!

आता तुम्ही म्हणाल, मिस्त्रीकाम हातांचं, पायाचं काय एवढं? तर इथेच खरी मेख होती. हे गॅरेज जुन्या गाड्यांसाठी ओळखलं जायचं, आणि जुन्या गाडीच्या क्लचपेडलची स्प्रिंग ही अशी चीज आहे, की ती भल्याभल्यांना रडवते. ती असते आत, पायाशी, जिथे धड हात जात नाही. पकडीने ओढाल तर येत नाही, आणि आलीच तर तोंडावर येते. या भावांच्या वडिलांनी त्यावर एक रीत बसवून दिली होती. एकाने सीटवर बसून पेडल तळापर्यंत दाबायचं, म्हणजे स्प्रिंग ताणून तिच्या वेढ्यांत फटी पडतात. दुसऱ्याने खाली उताणं पडून त्या फटींत एकेक वायसर, म्हणजे लोखंडी चकती, सरकवायचा. सगळे भरले की पेडल हळूच सोडायचं. वायसर स्प्रिंगला आखडू देत नाहीत, ती लांबच्या लांब राहते आणि तिचा आकडा अलगद निघतो.

खाली पडलेल्याचा एक हात स्प्रिंगपाशी गुंतलेला, वायसर ओठांत धरलेले. तो बोलणार कसा? म्हणून वरच्याच्या नडगीवर टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. दादा वर आणि मिस्त्री खाली, हे वडील असल्यापासून ठरलेलं. दोघांची पोरवयातली भांडणं, अबोले, सगळं झालं, पण टिचकी कधी चुकली नाही.

गेलं वर्षभर जुन्या गाड्या यायच्याच बंद झाल्या होत्या. येत होत्या त्या नव्या, त्यांत दादाला काडीचं काम नव्हतं. तो दिवसभर बाकड्यावर बसून गिऱ्हाइकांना शिव्या घालायचा. म्हणायचा, लोक बेइमान झाले, चकचकीत गॅरेज दिसलं की पळाले तिकडे. मिस्त्री मान डोलवायचा आणि कामाला लागायचा.

आणि एक दिवस मिस्त्री सामान आणायला गेलेला असताना चष्म्याच्या दुकानाचे मालक आपल्या वडिलांची काळी गाडी घेऊन दारात हजर. पेडल खडखडत होतं, त्याची बुश झिजली होती. ती बदलायची तर आधी स्प्रिंग उतरवायला हवी. चष्मेवाल्यांनी दोनदा विचारलं, तुम्ही नक्की कराल ना? दादाला रागच आला. म्हणाला, इथे नाही तर कुठे होणार? आणि गाडी आत घेतली. त्या दिवशी त्याने दाढी केली, कपाटातला जुना डगला काढला, वायसर घासूनपुसून ठेवले. जीव केवढा हुरळला होता त्याचा! ही एक स्प्रिंग निघाली, की आपण अजून कामाचे आहोत. नाही निघाली, तर आपण भावाच्या घरात दोन वेळा जेवणारा माणूस. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानेच ठरवलं होतं.

मिस्त्री परत आला, गाडी बघितली, आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, परत देऊन टाकू. मग म्हणाला, सीटवर हिला बसवतो, तू जरा मला दिवा धर. दादाने नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"मी मेलो का?" तो म्हणाला.

मिस्त्रीने मुकाट्याने अंगाखाली पोतं घेतलं आणि उजव्या दारातून आत सरकला. त्याचं डोकं आणि खांदे पेडलांपाशी, पाय बाहेर. दादा वर बसला. उजवा पाय ठेवायला आत जागाच उरली नव्हती, तो दाराबाहेर लोंबकळत राहिला. डावा पाय त्याने दोन्ही हातांनी उचलून क्लचवर ठेवला. मिस्त्री खाली वायसर ओठांत भरत होता, त्याला ते दिसलं नाही.

दादाचं गणित वेगळंच होतं. नडगीला टिचकी लागली तरी आपल्याला ती कळणार नाही, हे त्याला माहीत होतं. पण भावाचं कोपर दिसत होतं. टिचकी मारताना कोपर हलणारच, मग काळजी कसली? मांडीचा जोर लावून, कमरेतून रेटून त्याने पेडल तळाला नेलं. घाम फुटला. वायसर आत सरकल्याचा बारीक आवाज आला. मग दुसरा. कोपर एकदा हललं, दादाने आणखी रेटलं. जमतंय की! त्याला हसू यायला लागलं होतं.

तेवढ्यात एक वायसर मिस्त्रीच्या बोटांतून निसटला. तो पकडायला त्याचं कोपर दोनदा झटक्याने हललं.

दादाने पेडल सोडलं.

मिस्त्री ओरडला नाही. ओठांतले वायसर खाली सांडले आणि घशातून नुसता घरघरल्यासारखा आवाज आला. स्प्रिंगच्या वेढ्यांत त्याचं बोट सापडलं होतं.

"दाब," तो म्हणाला. "दादा, दाब."

दादाने दाबलं. मांडीतला जोर पहिल्याच रेट्यात संपला होता, पाय जागचा हलेना. त्याने गुडघ्यावर दोन्ही हात टेकून सगळं अंग वर टाकलं, तर पाय पेडलवरून घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. खालून भाऊ दाब, दाब म्हणत होता आणि ते ऐकून दादाच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी त्याने भावजयीला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला कामाच्या जागी हाक मारली असेल.

ती धावत आली. डावीकडचं दार उघडून सीटवरून सरकत दादाच्या अंगाला अंग लावून बसली, त्याचा घसरलेला बूट पेडलवर नेऊन त्यावर आपला पाय ठेवला आणि दाबला. सहज खाली गेलं पेडल. बोट सुटलं. नख गेलं होतं, पेर चेचलं होतं. तिने हाताला लागलं ते फडकं गुंडाळलं आणि रडवेल्या रागाने नवऱ्यावर कडाडली, "वर्षभर जुन्या गाड्या गल्लीच्या तोंडावरूनच परत पाठवल्यात ना? मग हीच कशी आत आली?"

मिस्त्री म्हणाला, गप. पण बोलून झालं होतं.

दादा सीटवरच बसून होता. त्याने भावाकडे बघितलं.

"तू परत पाठवत होतास?"

मिस्त्री खाली बघत राहिला. म्हणाला, "पाय जड पडतो तुझा, एवढं दिसत होतं. टिचकीही लागत नाही, हे नव्हतं माहीत."

दादाने डावा पाय दोन्ही हातांनी उचलून पेडलवरून खाली ठेवला. ज्यांना वर्षभर शिव्या घातल्या ती माणसं येत होती की. हातातलं काम भाऊ सोडत होता, याच्या पायापायी, आणि वर याच्या शिव्यांना मान डोलवत होता.

नवराबायको रिक्षा करून दवाखान्यात गेली. दादा गाडीतून उतरला, डगला काढला, सांडलेले वायसर एकेक करून वेचले. मग बाकड्याला धरत धरत फोनपाशी गेला आणि चष्मेवाल्यांना फोन लावला. म्हणाला, गाडी घेऊन जा, आम्ही जुन्या गाड्या आता घेत नाही.

चष्मेवाले सभ्य माणूस. अजिबात चिडले नाहीत.

"हो, तुमचे भाऊ म्हणाले होते मागे," ते म्हणाले. "पण आज तुम्ही स्वतः घेतलीत ना, तेव्हा मला वाटलं, तुमचा पाय बरा झाला."

"नाही," दादा म्हणाला.