उजवी पाकळी

ही हकिकत मी आजवर कुणाला सांगितली नाही. तारालाही नाही, आणि गोष्ट तिच्याच जिवाची आहे.

सरकारचा विधानसौध नवा होता, लोक रविवारी मुलाबाळांना घेऊन तो बघायला जात, तेव्हाची. आम्ही बंगळूरच्या पेटेतली, म्हणजे जुन्या बाजारातली, जुनी मराठी शिंपी माणसं. मी दुकानात नगावर कॉलर शिवायचो, माझी बायको तारा घरी उदबत्त्या वळायची. गिरणीवाल्यांकडे विम्याचं कार्ड असे, त्यावर डॉक्टर मिळे. आम्हाला कुणाचं कार्ड? ताराच्या खोकल्यात रक्त दिसलं, क्षय निघाला, आणि मी हात बांधून देवीसमोर बसलो.

तशात एका धर्मादाय इस्पितळाची नर्स घरी येऊ लागली. रोझीअक्का म्हणत तिला. गावाबाहेर त्यांच्या इस्पितळात कुणा दात्याच्या पैशांवर चालणारी एक खाट रिकामी झाली होती. चार महिने ताराला ठेवतील, औषध, जेवण, सगळं फुकट. मी फक्त सही करायची की मला हा खर्च झेपत नाही.

माझा विश्वास बसेना. शेजारच्या मशीनवरचा कारागीर म्हणाला, "फुकट कोण देतं रे? आधी गरिबावर औषध वापरून बघतात, मग साहेबाला देतात." मला ते पटलं, कारण पटवूनच घ्यायचं होतं. ही बाई आमच्या घरात पाणीसुद्धा घेत नसे, त्याचा मी वाईटच अर्थ लावला. माझ्या दोन्ही मुलींची नावं तिने वहीत लिहून घेतली, त्याचाही लावला. धर्म बदलायला लावतील, पोरी नेतील. एकदा तर मी तिच्या मागोमाग गेलो. ती पुढच्या बोळात दुसऱ्या एका खोकणाऱ्याकडे गेली. तरी संशय हटला नाही. आणि खरं सांगायचं तर त्या सहीची लाजही होती.

तारा म्हणाली, "देवीला विचारा. ती सांगेल तसं करू."

आमच्याकडे अंबाबाईचा पितळी मुखवटा आहे. त्याच्या दोन्ही गालांना पाण्याने शेवंतीची एकेक पाकळी चिकटवून कौल लावतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी उजव्या पाकळीच्या मागे दाट गंध लावलं, डावी नुसत्या पाण्यावर टेकवली. डावी पडली. ताराने हात जोडले आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

दोन दिवसांनी अक्का पुन्हा आली. मी दारातच म्हटलं, "देवी नको म्हणाली."

"तुमची देवी स्वल्प घाईत बोलली वाटतं, अण्णा," ती म्हणाली. "आज हिचा श्वास बघा. पुन्हा विचारा की. मी बसते."

आतून तारा क्षीण आवाजात म्हणाली, "विचारा ना." आता माघार कशी घेणार? मी पाठमोरा होऊन पुन्हा तेच केलं. या वेळी गंध आणखी जाड लावलं. डावी पाकळी तर जेमतेम टेकवली होती.

उजवी पडली.

गंध पातळ राहिलं असेल, पाकळी नीट दाबली गेली नसेल. मला ठाऊक नाही. डावी मात्र गालावर तशीच होती, आणि त्या मुखवट्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. पाकळी उलटी पडली होती, पाठीवरचं गंध वर. अक्का वाकली, तिने ती उचलली. तिने ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता बोलणार. तिने अंगठ्याने गंध पुसलं आणि पाकळी ताराच्या हातात दिली.

"सरी, ठीक झालं," ती म्हणाली. "देवी हो म्हणाली. उठ ग बाई, टांगा उभा आहे."

मी सही केली. चार महिन्यांचे सात झाले, पण तारा चालत घरी आली. मुलींना कुणी नेलं नाही, देव कुणी बदलला नाही. अक्काची बदली झाली, आणि तिचे पाय धरायचे राहूनच गेले.

त्यानंतर मी कधी कौल लावला नाही. मी देवीला विचारत नव्हतो, माझं उत्तर तिच्या तोंडून वदवून घेत होतो, हे तिने त्या दिवशी मला दाखवलं. आता जे येतं ते तिच्या पायाशी ठेवतो आणि गप्प बसतो.

तारा अजून दर शुक्रवारी मुखवटा घासताना म्हणते, "माझ्यासाठी बोलली हो माझी आई." मी मान डोलावतो. आज हे लिहिलेलं तिला वाचून दाखवणार आहे. ती काय म्हणेल, देवी जाणे.