शिरीषदादांच्या नावाने गेलेला मेल

शिरीषदादा जिन्यात पडले होते, तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत बसून हसत होतो.

आज वर्ष झालं. हे अजून ऑफिसबाहेर कुणालाच सांगितलेलं नाही.

दादा आमच्या खराडीच्या ऑफिसातले सिस्टम ॲडमिन. सगळी मशीन्स लिनक्सची आणि नियम एकच. खुर्ची सोडली की कंट्रोल-ऑल्ट-एल. स्क्रीन लॉक.

विसरलात तर दादा गुपचूप तुमच्या जागेवर बसायचे आणि तुमच्याच नावाने अख्ख्या फ्लोअरला मेल टाकायचे, 'उद्या माझ्याकडून सगळ्यांना जिलबी.' मग झक मारत आणायला लागायची.

पहिल्याच आठवड्यात माझा बकरा झाला. वर शांतपणे म्हणाले, "घराचं दारही असंच सताड उघडं टाकून येता का आपण?"

पुढे सगळेच एकमेकांना पकडायला लागले. दादा मात्र कधी सापडले नाहीत. पाणी प्यायला उठले तरी लॉक करून जायचे.

त्या दिवशी आम्ही सगळे एकदमच जेवून परत आलो आणि मी त्यांच्या जागेवरून जात होतो. बघतो तर काय, स्क्रीन उघडी. कमांड अर्धवट टाइप केलेली. चष्मा कीबोर्डवर पडलेला.

अरे, चष्मा. त्याच्याशिवाय त्यांना समोरचा माणूस ओळखू यायचा नाही. तेवढं तरी डोक्यात यायला हवं होतं माझ्या.

माझ्या डोक्यात जिलबी आली.

आमच्याकडे पाच मिनिटांनी स्क्रीन आपोआप लॉक होते. सेटिंग दादांनीच केलेलं. म्हणजे ते उठून पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. नुसता मागच्या जिन्याच्या दारापर्यंत गेलो असतो तरी दिसले असते.

मी मेल लिहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांचा चेहरा कसा होतो ते बघायला आम्ही वाट बघत बसलो.

अर्ध्या तासाने सफाईच्या मावशी धावत आल्या. दादा मागच्या जिन्यात होते.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला आणि एवढंच विचारलं की आणायला इतका उशीर का केलात.  

तेराव्यानंतर वहिनी ऑफिसात आल्या, जिलबीचे बॉक्स घेऊन. कुणीतरी त्यांना तो मेल दाखवला होता, खरा कुणी लिहिला ते न सांगता. त्यांनी कबूल केलं होतं ना, म्हणत प्रत्येक डेस्कवर स्वतः देत होत्या.

माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "शेवटी खुशीत होते हो ते. तेवढाच आधार आहे मला."

मी ती जिलबी घेतली. खाल्लीसुद्धा. लाज वाटते सांगायला.

आज सकाळी वहिनींच्या दारापर्यंत जाऊन आलो. बेल वाजवायचा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहितोय.

वहिनी, तो मेल दादांचा नव्हता. माझा होता. ते खुशीत नव्हते. त्यांना त्रास होत होता, आणि ते कुणालातरी शोधायला उठले होते.

तुमचा तेवढाही आधार मी काढून घेतोय, हे कळतंय मला. पण तो खोटा होता आणि माझ्यामुळे होता.

काय बोलायचं ते बोला. मी ऐकून घेईन.

दादा, जड मनाने निरोप. माफी मागायचं तोंड नाही मला.