काकांना खाली बसवा

देवीसमोर उभं राहून मी असं काही मागेन, हे मला स्वतःलाच कधी वाटलं नव्हतं. त्या सकाळी अन्नपूर्णेच्या देवळात हात जोडून मी मनातल्या मनात म्हणालो, आई, मी कारखान्यात पोचेपर्यंत दत्तूकाका निघून गेलेले असू देत. त्यांच्या तोंडाकडे बघायची वेळ माझ्यावर आणू नकोस. पुजाऱ्यांनी दिलेलं तीर्थ घेतलं आणि निघालो.

इंदूरच्या मल्हारगंजातल्या एका गल्लीत आमचा देवांचे पोशाख शिवायचा कारखाना आहे. खाली दुकान आणि त्यामागे कापडाचं गोदाम, वर शिलाईच्या मशिनी आणि कापड कापायचं मोठं टेबल. मी तिथला मॅनेजर, दत्तूकाका कटिंग मास्टर. काकांनी साठी ओलांडली आहे. गुडघे दुखतात, आणि मागच्या हिवाळ्यात हृदयात स्टेंट बसवला. डॉक्टरांनी काम करायला हरकत नाही म्हटलं होतं, फक्त जिने चढायचे नाहीत आणि फार वेळ उभं राहायचं नाही. पण आमचा जिना लोखंडी, अगदी उभा, आणि कटिंग म्हणजे दिवसभर उभ्याचं काम. काका अर्ध्या जिन्यात कठडा धरून थांबायचे. मागे कापडाचे गठ्ठे घेऊन कारागीर खोळंबायचे. कोणी म्हणायचं, "काका, हॉर्न देऊ का?" काका मागे न बघता म्हणायचे, "दे, पण ओव्हरटेक करू नको." सगळे हसायचे. मीही हसायचो. 'घरी बसलो की मी संपलो,' हे मात्र ते गुडघ्याला पट्टी बांधता बांधता एकट्या माझ्याजवळ बोलले होते.

आदल्या संध्याकाळी आमच्या मालकांनी, सेठजींनी मला विचारलं, "दत्तूजी का क्या करें, भिया? आप इतने साल से साथ हो, आप ही बताओ." माणूस वाईट नाही. त्यांनी खरंच विचारलं होतं. टेबल खाली आणू, काकांना खुर्ची देऊ, एवढंच मला सांगायचं होतं. मी म्हणालो, "अब उनसे नहीं होता, सेठजी."

असं का म्हणालो, त्यामागचं कारण मी तोवर घरीही सांगितलेलं नव्हतं. मला कमी ऐकू येतं. डावा कान जवळजवळ गेला आहे आणि उजव्याला गर्दीत नीट समजत नाही. कोणी काही बोललं की ओठांकडे बघून मी "हो, हो" म्हणायचो आणि निभावून न्यायचो. कोणाकडून काम होतं, कोणाकडून होत नाही, असा हिशेब कारखान्यात एकदा सुरू झाला की उद्या माझी पाळी, ही भीती होती. काकांचा विषय मिटला की सगळ्यांचं लक्ष निघून जाईल, असं वाटलं. इतकंच. यापेक्षा मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

सेठजी सुस्कारा टाकून म्हणाले, "तो फिर आप ही देख लो." काकांना तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. घरी जाताना रस्त्यातच स्कूटर उभी करून मी कुसुमताईंना फोन लावला. त्या फिनिशिंगचं काम बघतात, मुलाच्या नोकरीमुळे नुकत्याच नाशिकहून इंदूरला आल्या आहेत. 'काम सुटलं' हे शब्द जिभेवर येईनात. म्हणून आमच्याकडे घरात बोलतात तसं म्हणालो, "काकांना उद्यापासून खाली बसवायचं आहे. सेठजींशी बोलणं झालंय. सकाळी तुम्हीच सांगा, मी जरा उशिरा येईन." इंदुरात आम्ही हिंदीतलं 'खाली', म्हणजे रिकामं, मराठीत असं मिसळून टाकतो की ते वेगळं काढता येत नाही. घरात बेकार पोरगा असला की तो खाली बसलाय म्हणतात. ताईंनी पलीकडून काहीतरी लांबलचक विचारलं. टेम्पो, रिक्षा, भोंगे. मला एक अक्षर कळलं नाही. मी म्हणालो, "हो, हो, तेच."

देवळातून निघून कारखान्यापाशी आलो तर दारात काकांच्या चपला. आत गेलो आणि गोदामाच्या उंबऱ्यातच थांबलो.

कापडाचे गठ्ठे भिंतीला सरकवलेले. दोन ट्रंकांवर जाड फळी टाकून बसक्या उंचीचं टेबल केलेलं. त्याच्यासमोर खुर्चीत दत्तूकाका, दुखरा पाय स्टुलावर, आणि हातातली कात्री देवीच्या पिवळ्या साटिनातून सरळ चाललेली. कुसुमताई पुढे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही म्हणालात तसं खाली बसवलं बघा. खाली म्हणजे गोदामातच ना, असं मी विचारलं होतं फोनवर. तुम्ही हो म्हणालात."

काकांनी मान वर केली. चेहरा इतका निवांत मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "काय रे भिया," ते म्हणाले, "एवढी अक्कल होती तर आधी का नाही चालवलीस?"

तेवढ्यात सेठजी आले. बघतच राहिले. "ये नीचे कैसे?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गैरसमज झाला, एवढं म्हटलं असतं तर काका त्याच क्षणी खुर्चीतून उठले असते. माझ्या तोंडून वेगळंच निघालं. "सेठजी, काम इनसे होता है. जीना चढ़ना नहीं होता. कल मैंने आपको गलत बताया." आणि तेवढ्यावर न थांबता कानाचंही सांगून टाकलं.

सेठजी म्हणाले, "तो पहले बोलते ना भिया. मैं समझता था, आप मेरी बात टालते हो." फळीवर हात दाबून ती पक्की आहे का ते त्यांनी पाहिलं, आणि सुताराला बोलवायला सांगून दुकानात गेले. काकांची कात्री मात्र थांबली होती.

दुपारी डबे खायच्या वेळी मी काकांच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. 'खाली'चा अर्थ, माझी भीती, सकाळचं देवीपुढचं मागणंही. ते समोर बघत राहिले. मी म्हणालो, "काका, काहीतरी बोला." त्यांचे ओठ हललेले दिसले, ऐकू काही आलं नाही. मग ते फळीला धरून उठले, लंगडत माझ्या मागून वळसा घालून उजवीकडे आले, खुर्ची ओढली आणि बसले.

"त्या बाजूने बोललेलं तुला कळत नाही," ते म्हणाले. "मी नेहमी इकडूनच येतो तुझ्याशी बोलायला. तुझ्या ध्यानात नाही आलं?"

खरंच, गेली कित्येक वर्षं ते उजवीकडूनच येत होते.

"वाईट वाटलं मला," ते म्हणाले. "खूप वाईट वाटलं. आता डबा उघड."

माझ्या कानात आता मशीन आहे. काका गोदामातच कापड कापतात. त्या सकाळी देवीनेही माझ्या बाजूचा कान मिटून घेतला असावा, नाहीतर माझं मागणं तिने ऐकलं असतं आणि मी कायमचा बुडालो असतो. काय चमत्कार झाला, कसा झाला, ते मला ठाऊक नाही. आताही देवळात जातो, पण मागत काही नाही. समोर उभा राहतो, आणि ती जे म्हणत असेल ते कळो न कळो, "हो, हो, तेच" म्हणतो.