पहिल्या धारेचा खरवस

पारडी माझ्यामुळे मेली. हे एवढं वाक्य मोठ्यानं बोलायला मला दहा वर्षं लागली, आणि तेवढी वर्षं तो दोष माझ्या वहिनीनं वाहिला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मला पुण्याच्या एका लॅबमध्ये नोकरी लागून दोन महिने झाले होते, क्वार्टर मिळाली होती, आणि जूचंद्र या आमच्या गावच्या घरून उरलेलं सामान घेऊन मी कायमचा निघालो होतो. त्याच सकाळी वहिनीची म्हैस व्याली. ती म्हैस तिनं माहेराहून आणलेली. आधीच्या दोन्ही वेतांना रेडेच झाले होते, या खेपेला पारडी झाली. म्हैस थकत चालली होती. ही पारडी जगली तरच गोठा पुढे चालणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या लॅबमध्ये कोंबड्यांना रेडका-वासरांच्या हगवणीच्या जंतूंची लस टोचत. त्या जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्यं कोंबडीच्या अंगात तयार होत आणि अंड्याच्या बलकात उतरत. तो बलक वाळवून केलेली पावडर लहान रेडकांना पाजायची. मी होतो पॅकिंगला, पण घरी बोलायचो डॉक्टरच्या थाटात.

आबा, म्हणजे माझे वडील, हसले होते. "कोंबडीच्या अंड्यानं म्हशीचं पोर वाचाया लागलं? मग उद्या म्हैसपन अंडी घालंल."

मला पुण्याच्या साहेबलोकांसाठी खरवस न्यायचा होता, तोही पहिल्या धारेच्या चिकाचा, सुरीनं कापावा लागेल असा घट्ट. आमच्याकडे आळीत खरवस वाटतात, पण रेडकाचं पोट भरल्यावर. आबांचा शब्द होता, "पहिली धार रेडकाची. देवाची पन नाय." मी खिशातून पावडरचे सॅशे काढून वहिनीच्या हातात दिले. म्हटलं, "चिकात जे असतं ते सगळं यात आहे. थंड पाण्यात कालवून पाजा." शिकलेल्या मुलापुढे आबा गप्प बसले. वहिनीनं एकदा पारडीकडे पाहिलं आणि धार काढली. पारडीच्या तोंडाला फेस तेवढा लागला. पावडर आहे म्हणून दुसऱ्या धारेचा चीकही आळीत वाटून संपला. तोवर मी मांडीवर गरम डबा घेऊन एसटीत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी वहिनीनं नाक्यावरच्या दुकानातून लॅबमध्ये फोन केला. "भावजी, पांढरी हगते. उभी नाय राहत."

"पावडर दुप्पट करा," मी म्हटलं.

त्याच दुपारी आमच्या मॅडम, जनावरांच्या डॉक्टर, माझ्याच डब्यातला खरवस खात होत्या. "पहिल्या धारेचा दिसतोय. रेडकाला पाजून उरलेला ना?"

मी हो म्हणालो.

"बरं. नाहीतर लोकांना वाटतं, पावडर आहे तर चीक कशाला. अहो, आपली पावडर म्हणजे ओळखीच्या चोरांपुरता रखवालदार. चिकाची जागा ती घेत नाही. आणि एकदा पहिला दिवस टळला की नंतर पाजलेला चीकही पोटातून रक्तात जात नाही."

मॅडम वड्या कापत होत्या आणि मी सुरीकडे बघत होतो. तेव्हाच फोनच्या बूथवर धावायला हवं होतं. जनावरांच्या डॉक्टरला बोलवा, सलाईन लावा, चूक माझी झाली, एवढंच सांगायचं होतं. दोन दिवस मी बूथच्या काचेपर्यंत जाऊन परत आलो.

पाचव्या दिवशी फोन आला. पारडी गेली. फोनवर दादा, माझा थोरला भाऊ, होता. मी तयार ठेवलेलं वाक्य बोललो, "पाणी कढत घातलं असणार. उष्णतेनं पावडर मरते."

दादानं तेच मागे वळून सांगितलं. मग मागून वहिनीचा आवाज आला, "नाय ओ, पानी मडक्यातलंच होतं."

तिचं कोणी ऐकलं नाही. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना हे कळेल, आणि जे मागे राहिले त्यांनी ते भोगलं असेल: गेलेल्या माणसाचं घरात जरा जास्तच खरं मानतात. आबा म्हणाले, "सुनंच्या हाताला गुन नाय." त्या दिवसापासून तिनं गोठ्यात पाऊल टाकलं नाही. वर्षभरात म्हैस विकली. पुढे गोठ्याच्या जागी बिल्डिंग आली आणि आमचं घर दुसऱ्या मजल्यावर गेलं.

मी पुण्यात रुळलो. बॅच नंबर, कोल्ड रूम, अप्रेझल. पुढे शेतकऱ्यांच्या मीटिंगा घ्यायला लागलो. प्रत्येक मीटिंगमध्ये पहिलं वाक्य सांगायचो, "आधी चीक, मग पावडर." अनोळखी गावांत हे बोलायला मला काहीच कठीण गेलं नाही.

जूचंद्रच्या त्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेलो तेव्हा वहिनी ओट्याशी पुऱ्या लाटत होती. मी हळूच म्हटलं, "वहिनी, त्या पारडीचं... पाणी गरम नव्हतं."

"मला म्हायती हाय." लाटणं थांबलं नाही. "मीच घातलेलं ना."

"चूक माझी होती."

"मग मला कशाला सांगता, भावजी? आबांना सांगा."

आबांना तोवर ऐकू कमी येत होतं. हॉलमध्ये आळीतली जुनी माणसं जेवत होती. मी आबांच्या खुर्चीपाशी बसून सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला, "काय? मोठ्यानं बोल!"

ते शहर, ती नोकरी, ती क्वार्टर, यांतलं काहीच माझं घर नव्हतं. जिथं आपलं खोटं अजून कोणीतरी वाहतंय आणि तरी आपल्याला पान वाढतंय, ते घर. मी उभा राहिलो. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी पिठाच्या हातांनी उभी होती.

"आबा, पाणी थंडच होतं!" मी ओरडलो. पंगत थांबली. "पारडीचा चीक मी नेला. वहिनीच्या हाताला गुण होता. मी खोटं बोललो. वहिनी, मला माफ करा."