सहा महिन्यांचा नियम

परभणीतल्या आमच्या खाजगी लॅबमधलं संगणकाचं सगळं काम उत्तरा बघायची. शाळामास्तरांची मुलगी, कामात चोख आणि चांगलीच हट्टी. जिंतूर-सेलूचे रिपोर्टही तिच्याच सर्व्हरवर यायचे. पेशंट आला की काउंटरवर नाव टाकायचं, रिपोर्ट शोधायचा आणि तेव्हाच छापून द्यायचा. सर्व्हर भरत आला म्हणून तिने नवी डिस्क मागितली, तर मालक आबासाहेब म्हणाले, "जुनं काढून टाका की!"

मग उत्तराने नियम लावला. दर महिन्याच्या रिपोर्टांचा वेगळा इंडेक्स, म्हणजे एक गठ्ठाच. गठ्ठा सहा महिन्यांचा झाला की सर्व्हरने तो आपोआप पुसायचा. जागा वाचावी म्हणून दुसरी प्रत ठेवायची सेटिंगही तिने बंद केली.

"सहा महिने कोण थांबतंय रिपोर्टला?" ती म्हणाली. भोवतालची निम्मी गावं ऊसतोडीला जातात, आणि एवढ्या शिकलेल्या माणसांत एकालाही ते आठवलं नाही. मला अजून चीड येते.

नर्मदाबाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघायच्या आदल्या दिवशी छातीतल्या गाठीचा नमुना देऊन गेल्या होत्या. फोन नंबर मुकादमाचा, तो कधी लागलाच नाही. साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर भर उन्हाळ्यात त्या आल्या. काउंटरवर मीच होते, नाव टाकलं, काहीच निघेना. उत्तराला बोलावलं. तिने गाव टाकलं, वय टाकलं, तारीख बघितली आणि त्यांच्याकडे वळली.

"मावशी, तुमचा रिपोर्ट पुसला गेला. माझ्यामुळं."

"मंग पुन्ना करा की. गाठ हाय तितंच हाय. वाढलीय लय."

दुसरा रिपोर्ट आला. कॅन्सर होता, काखेतही उतरला होता. उत्तराने त्याच दुपारी तो नियम काढून टाकला. आबासाहेबांनी आता गुपचूप डिस्क आणली. पहिल्या नमुन्याच्या काचपट्ट्याही तोवर फेकून दिल्या होत्या, आणि त्या रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरांना हजारोंमधला तो एक काही आठवेना.

कागद घ्यायला आलेल्या नर्मदाबाई काउंटरपाशी थांबल्या आणि उत्तराला म्हणाल्या,

"बाई, पयल्या रिपोर्टातबी हेच होतं का? का तवा साधीच गाठ होती?"

"मला माहीत नाही, मावशी."

"मंग कुणाला माहीत हाय?"

"कुणालाच नाही," उत्तरा म्हणाली.