पन्नाशीतला खो-खो

मंडळी, गुडघे ठणकताहेत, तरी लिहितेच.

वर्ध्यात माझ्या माहेरच्या मोहल्ल्यात एक मैदान आहे. शाळेत असताना रोज संध्याकाळी तिथं आमचा खो-खो रंगायचा. पुढे त्याचा उकिरडा झाला. आमच्यातलीच वंदना आता तिथली नगरसेविका आहे. तिनं नगरपालिकेच्या मागे लागून सगळा कचरा उचलायला लावला, तर आता लोकांना तिथं गाड्या ठेवायच्या!

आज सकाळी तिनं आम्हा जुन्या मैत्रिणींना बोलावलं होतं. मी पोचले, तेव्हा शेजारचे बाबारावभाऊ तिच्याशी वाद घालत होते. "मैदानाचं काय काम हाय आता? इथं खेळते कोन?"

"आमी खेळतो न, भाऊ," म्हणत वंदनानं पदर खोचला आणि मला हाक मारली, "तू काऊन उभी हायस वं? बस न रांगेत!"

बसले. कुणाला धाप लागली, कुणी हसता हसता खालीच बसली. पण पाठीवर थाप पडली, "खो!" कानावर आलं आणि मी खरंच उठून पळाले. तीच माती, तीच आरडाओरड. डोळे भरून आले हो.

तेवढ्यात बाबारावभाऊंच्या बायको, पुष्पावहिनी पुढे आल्या. "मले बी घ्या न वं. लग्नाच्या आधी मी शाळेच्या टीममंधी होती." मग त्या अशा पळाल्या, की वंदनाच्याही हाती लागेनात.

बाबारावभाऊ बघतच राहिले. "मले कधी सांगितलंच नाई इनं," एवढंच म्हणाले. आणि मैदानाच्या कोपऱ्यात लावलेली आपली गाडी त्यांनी गुपचूप बाहेर काढली.

तुम्ही लहानपणी खेळलात, ते मैदान अजून आहे का?