बरी म्हंजे कुठं बरी?

कुणी 'बरं आहे' म्हटलं की बाई त्याचं मनगट धरायच्या आणि विचारायच्या, "बरं म्हंजे कुठं बरं?" मनगट असं आवळायच्या की होतं ते बरंही पळून जावं.

नव्वदच्या दशकात बाई आणि मी नाशिक जिल्ह्यात घरोघर 'तुमची तब्येत कशी आहे?' एवढंच विचारत फिरायचो. ती आमची नोकरी. बाई मालेगावकडच्या. आवाज मोठा, हात त्याहून मोठा. आमच्यासारखे सर्व्हेवाले तुमच्याही दारात आले असतील आणि तुम्ही पंखा लावून दुखणी सांगितली असतील. नाशिक शहरात गंगापूर रोडला तसंच व्हायचं. गुडघे, ॲसिडिटी, झोप. जिना उतरताना बाई म्हणायच्या, "ह्यांना काय धाड भरलीय?" सुरगाण्याच्या डोंगरातल्या पाड्यावर तापानं फणफणलेला म्हातारा बाजेवरून म्हणायचा, "बेस हाय." बाई त्याच्यावरही भडकायच्या. आमच्या कागदावर डोंगर ठणठणीत आणि शहर आजारी, असला कारभार.

चांदवडजवळ एका घरी नवरा ओट्यावर बसलेला. बायकोच्या तब्येतीचं उत्तर नवऱ्यानंच द्यायचं ही रीत, ती त्यानं पाळली. "बरी हाय ती." ती, विशीतली पोरगी, दाराआड उभी होती, उजवा हात पदरात गुंडाळून.

"तुले कोणी इचारं रे?" चिडल्या की बाई अहिराणीवर यायच्या.

"बरी हाय," पोरगी पुटपुटली.

"बरी म्हंजे कुठं बरी?" म्हणत बाईंनी सवयीनं तिचं मनगट धरलं. पोरगी किंचाळून खाली बसली. हाड मोडलेलं होतं. बाईंनी झटक्यात हात सोडला.

तोवर नवऱ्यानं दाराचा अडसर उचलला होता. तो बायकोच्या डोक्यात घालायला धावला. बाईंनी मध्ये डावा हात घातला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग उजव्या हातानं अडसर हिसकून बाईंनी त्याला ओट्यावरून खाली लोळवला आणि पडल्यावरही हाणत राहिल्या. मी कमरेला मिठी घालून त्यांना ओढलं नसतं तर मेलाच असता. मला त्याचं वाईट वाटलं असतं, असं काही मी म्हणणार नाही.

ऑफिसच्या जीपमध्ये पोरीचं एकच चाललं होतं, "परत धाडू नका. आता मारूनच टाकील."

दवाखान्यात डॉक्टरांनी बाईंनाही विचारलं, "तुम्हाला कुठं लागलंय?"

"छे, मी बरी आहे."

पोरीनं डाव्या हातानं बाईंची बाही वर सरकवली. कोपराखाली सगळं काळंनिळं.

"बरी म्हंजे कुठं बरी?" ती म्हणाली.

नवऱ्यानं तक्रार केली. ऑफिसनं बाईंना काढलं. पोरीला माहेर नव्हतं, म्हणून बाईंनी तिला आपल्या घरी न्यायचं ठरवलं. मी सीबीएस स्टँडवर सोडायला गेलो. मालेगावच्या गाडीत दोघी खिडकीशी बसल्या, एकीचा डावा हात प्लास्टरात, दुसरीचा उजवा. मी शेंगांची पुडी दिली. बाईंनी शेंग धरायची, पोरीनं फोडायची.

मी खालून विचारलं, "बाई, तब्येत?"

"दुखतंय रे," बाई म्हणाल्या. "लय दुखतंय."

त्यांनी दाणे तोंडात टाकले. गाडी सुटली. त्यानंतर बाई मला दिसल्या नाहीत.